संत्रापट्ट्यातली घरबाग : आधी पाणी, मग सावली, शेवटी रोपं

पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला बाग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. संत्र्याची कलमं किती अंतरावर लावायची, बुंध्याला पाणी का लागू द्यायचं नाही, आंबिया बहाराचा ताण कधी द्यायचा आणि कधी तोडायचा, हे इथल्या शेतकऱ्याच्या घरात लहान पोरांच्याही कानावरून गेलेलं असतं. तरीही याच मुलखात गावाबाहेर पडलेल्या एखाद्या नव्या लेआउटमधून चक्कर मारली, तर घराभोवतीची जागा पुष्कळदा एकाच साच्यातली दिसते. फाटकापासून पायरीपर्यंत सिमेंटचे गट्टू, कडेला कुंड्या, कंपाउंडला लागून कोनोकार्पसची रांग आणि जमलंच तर मे महिन्यात पिवळा पडणारा लॉनचा तुकडा. शेतात जमिनीचा इतका विचार करणाऱ्या माणसाने घराच्या अंगणात तो विचार वापरू नये, याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण चांगली घरबाग आखायला जे ज्ञान लागतं, त्यातलं निम्मं इथल्या लोकांकडे आधीपासून आहे.

२०२३ साली पांढुर्णा हा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली त्यात आल्या. एक गाव नागपूर–भोपाळ महामार्गावर, दुसरं नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर. जिल्ह्याचं ठिकाण झालं की कचेऱ्या येतात, माणसं येतात, प्लॉट पडतात. येत्या काही वर्षांत इथे जी घरं उभी राहतील, त्यांच्या भोवतीची जमीन कशी वापरायची हे ठरवण्याची हीच वेळ आहे. लँडस्केप आर्किटेक्ट हे काम कसं करतो, कुठल्या क्रमाने विचार करतो आणि ती पद्धत या मातीत, या उन्हात कशी उतरते, हे सांगण्यासाठी हा लेख.

झाडांच्या आधीचे प्रश्न

बाग म्हटली की आपण आधी नर्सरीत जातो. लँडस्केप आर्किटेक्ट तिथे सगळ्यात शेवटी जातो. त्याची सुरुवात होते घरातल्या माणसांपासून. घरात किती जण आहेत? म्हातारी माणसं सकाळी कुठे बसतात? गाड्या किती? एप्रिलमध्ये कुरडया-पापडाचं वाळवण कुठे पडतं? उन्हाळ्यात बाहेर बाज टाकून झोपायची सवय आहे का? लग्नकार्याचा मांडव दारातच पडणार का? धुणं-भांडी कुठे होतात आणि त्यांचं पाणी कुठे जातं? कूलर कोणत्या खिडकीला लागतो?

प्रश्न साधे वाटतात, पण आखणी त्यांच्यावरच उभी राहते. वाळवणाला दिवसभर ऊन हवं, म्हणून तिथे झाड नको. बाज टाकायच्या जागेवर दुपारभर सावली पडलेली असली तर रात्री जमीन लवकर निवते. कूलरची खिडकी सावलीत असली तर तो आत ओढतो ती हवा मुळात कमी तापलेली असते. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कुंड्यांना घालू नये. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे ते पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. लॉनची हौस आणि तिला लागणारं पाणी यांचा हिशेबही इथेच मांडावा. मे महिन्यात लॉनला रोज ६ मिलिमीटर पाणी धरलं, तर ५०० चौरस फुटांच्या तुकड्याला दिवसाला पावणेतीनशे लिटर लागतात. हे पाणी कुठून येणार हे आधी ठरवावं, लॉन मग.

अमेरिकेतला टॉमस चर्च हा घरबागांचा मोठा आखणीकार. बाग माणसांसाठी असते, हा त्याच्या कामाचा गाभा होता आणि १९५५ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाचं नावही त्याच अर्थाचं आहे. आधी लोकांचा वावर समजून घ्यायचा, मग त्याला जागा द्यायची, ही त्याची रीत. १९६९ साली इयान मॅकहार्गने ‘डिझाइन विथ नेचर’मध्ये जमिनीचं वाचन कसं करायचं ते मांडलं. उतार, माती, पाणी, झाडोरा यांचे वेगवेगळे नकाशे पारदर्शक कागदावर काढायचे, एकावर एक ठेवायचे आणि कुठे काय करावं, काय करू नये ते त्यातून वाचायचं. त्याने हे मोठ्या प्रदेशांसाठी केलं, पण पद्धत चाळीस बाय साठच्या प्लॉटलाही तितकीच लागू पडते. आपल्याकडच्या पहिल्या पिढीतल्या लँडस्केप आर्किटेक्टांत प्रा. प्रभाकर भागवत हे मराठी नाव ठळक आहे. अहमदाबादेत त्यांनी उभी केलेली पेढी पुढे त्यांचे चिरंजीव अनिकेत भागवत यांनी चालवली.

माणसं समजली की पाळी येते जमिनीची.

मातीची परीक्षा

या जिल्ह्याची जमीन एका जातीची नाही. पांढुर्ण्याकडे दख्खनचा काळा पाषाण आणि त्याच्यापासून झालेली काळी माती. सौंसरच्या पट्ट्यात त्याहून कितीतरी जुने खडक वर आलेले आहेत. संगमरवर, शिस्ट, क्वार्ट्झाइट आणि मँगनीजचे थर असलेल्या या खडकांना भूशास्त्रात ‘सौसर ग्रुप’ असंच नाव आहे. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असा पसरलेला मँगनीजचा पट्टा याच खडकांतला. त्यामुळे एका प्लॉटवर चार फूट भारी काळी माती निघते, तर दुसऱ्यावर हातभर खोलीवर मुरूम किंवा रेताड थर लागतो. शेजाऱ्याकडे जगलेलं झाड आपल्याकडे जगेलच असं नाही, ते यामुळे.

मातीची परीक्षा घरी करता येते. काचेच्या बरणीत एक भाग माती, तीन भाग पाणी घालून खूप हलवायचं आणि ठेवून द्यायचं. रेती मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत आणि चिकणमाती एक-दोन दिवसांनी. थरांची जाडी पाहिली की माती कोणत्या प्रकृतीची आहे ते कळतं. मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं, तर तिच्यात चुनखडी आहे. अशा मातीत झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे चिन्ह संत्रावाल्यांच्या ओळखीचं आहे. घरच्या बागेत एक्झोरा आणि अनंत यांचं तेच होतं. मग लोक खतामागून खत घालत राहतात, पण दोष खताचा नसतो, जागेचा असतो.

तिसरी परीक्षा निचऱ्याची. दीड-दोन फूट खोल खड्डा घ्यायचा, पाण्याने भरायचा, ते जिरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा आणि तासाला किती इंच पाणी उतरतं ते पट्टीने मोजायचं. तासाला इंचभर उतरलं तर निचरा बरा, त्याहून कमी तर कामचलाऊही नाही. काळ्या मातीत पहिल्या दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. उन्हाळ्यात तिला भेगा पडलेल्या असतात, पाणी त्यातून सरसर निघून जातं आणि निचरा उत्तम असल्याचा भास होतो. माती एकदा फुगून भेगा मिटल्या की खरं रूप दिसतं.

हे फुगणं-आकसणं घराशी थेट जोडलेलं आहे. पावसाळ्यात फुगलेली काळी माती गट्टू उचलते, उन्हाळ्यात आकसली की तेच खाली बसतात आणि फरशी वेडीवाकडी होते. पायव्याजवळ पाणी साचू देणं आणि पायव्याजवळ मोठं झाड लावणं ही दोन्ही याच कारणाने धोक्याची. पाण्याने माती फुगते, झाडाने ओल ओढली की ती आकसते आणि भिंतीला तडे जातात. जोत्यापासून बाहेर दहा फुटांपर्यंत जमिनीला अडीच इंचांचा उतार द्यावा. गट्टूंच्या खाली काळी माती ठेवू नये. ती खोदून काढून मुरूम भरावा आणि दाबून घ्यावा. वड-पिंपळ देवळापाशी शोभतात, जामसावळीला मारुतीपाशी पिंपळ आहे तसे. घराच्या प्लॉटमध्ये त्यांना जागा नाही.

आणखी एक गोष्ट नव्या घरात नेहमी आढळते. बांधकामाचा मलबा अंगणातच पसरलेला असतो आणि वरून चार इंच काळी माती ओतून तो झाकलेला असतो. वीट-चुन्याचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि मिक्सरच्या चाकांनी दाबून दगड झालेली जमीन, यांत मुळं उतरत नाहीत. म्हणून पायवा खोदायच्या आधी वरची नऊ इंच माती काढून एका कोपऱ्यात राखून ठेवावी आणि काम झाल्यावर परत पसरावी. याला मजुरी सोडून दुसरा खर्च नाही.

संत्र्याच्या बगिच्यातून शिकायचं ते

काळ्या मातीत झाड कसं लावायचं याचं उत्तर इथे शोधायला लांब जावं लागत नाही. संत्र्याला डिंक्या होतो, मूळकूज होते. ती फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे, आणि त्याला हवी असते बुंध्याशी साचलेली ओल. म्हणून जाणता बागायतदार कलमाचा डोळा जमिनीपासून वर ठेवतो, झाड उंचवट्यावर लावतो, दुहेरी आळं करून पाणी बाहेरच्या बांगडीतूनच देतो, पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डो मलम लावतो आणि ओळींमधून चर काढून जादा पाणी बाहेर घालवतो.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट घरच्या झाडांना लागू आहे. चिकण मातीत खोल खड्डा घेऊन त्यात नुसतं शेणखत आणि रेती भरली, तर पावसाचं सगळं पाणी आजूबाजूच्या कडक मातीतून त्या खड्ड्यात उतरतं आणि तिथेच अडकतं. रोप वर उन्हाने सुकतंय असं दिसतं आणि खाली मुळं कुजत असतात. त्यापेक्षा खड्ड्यातून निघालेली मातीच, कुजलेलं खत मिसळून, परत भरावी आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंचावर बसवावं. झाडाभोवती पार बांधून बुंध्यावर फूटभर माती चढवण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. खोड जिथे जमिनीत शिरतं तो भाग झाकला गेला की झाड हळूहळू मरतं. गट्टू अगदी खोडापर्यंत आणले तरी तोच परिणाम. चार बाय चार फुटांचं उघडं आळं तरी झाडाला द्यावं आणि त्यावर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार चार बोटं जाड पसरावं, मात्र खोडापासून वीतभर लांब. मे महिन्यात या एका थराने पाण्याची मोठी बचत होते.

उन्हाचं गणित

बागेची खरी आखणी सावलीची असते आणि सावली मोजता येते. पांढुर्णा आणि सौंसर २१.६ अक्षांशाच्या आसपास आहेत, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य इथे दक्षिणेकडे ४५ अंशांवर असतो. अर्थ सरळ आहे. बारा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला बारा फूट पडते. मेअखेर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथपासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीला तो उत्तरेकडे कललेला असतो.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. घराच्या उत्तरेची पट्टी थंडीत दिवसभर सावलीत असते आणि ऐन जूनमध्ये उन्हात. दक्षिणेची पट्टी थंडीत उबदार असते आणि जूनमध्ये घराच्या दक्षिण भिंतीला जवळजवळ ऊन लागत नाही. मेथी, पालक, सांबार, वांगी, टमाटे ही थंडीची भाजी दक्षिणेलाच होणार. उत्तरेला लावली तर रोपं उंच, फिकी आणि लेचीपेची होतील. म्हणूनच प्लॉटवर घर कुठे सरकवायचं, मोकळी पट्टी उत्तरेला सोडायची की दक्षिणेला, हा प्रश्न पायवा खोदण्याआधी विचारायला हवा. घर उभं राहिल्यावर बोलावलेल्या लँडस्केप आर्किटेक्टच्या हातात यातलं काहीही उरत नाही.

या भागातलं सगळ्यात त्रासदायक ऊन मात्र पश्चिमेचं. एप्रिल-मे-जूनमध्ये दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत ते तिरपं, थेट भिंतीवर येतं. छज्ज्याचा त्याला अडसर होत नाही, कारण सूर्य खाली आलेला असतो. तिथे झाडच हवं. मेअखेरीस दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३८ अंशांवर असतो. भिंतीपासून बारा फुटांवर वीस फूट उंचीचं झाड असेल, तर त्याची सावली भिंतीवर साडेदहा-अकरा फुटांपर्यंत चढते. म्हणजे एकमजली घराची पश्चिम भिंत खिडकीसकट झाकली जाते. हे गणित मांडलं की झाड कुठे आणि किती उंच हवं, याचा वाद राहत नाही.

पानगळीचा घोळ

युरोप-अमेरिकेच्या बागकामाच्या पुस्तकांत एक सल्ला असतो. पानझडी झाडं लावा, उन्हाळ्यात सावली मिळेल आणि हिवाळ्यात पानं झडून ऊन मिळेल. तो त्यांच्या हवेत खरा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी आपली पानझडी जंगलं हिवाळ्यात हिरवी असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडी पडतात, कारण इथली पानगळ थंडीमुळे होत नाही, पाण्याच्या टंचाईमुळे होते. साग मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत बहुतेक निष्पर्ण असतो. पळस, काटेसावर फुलतात तेव्हा अंगावर पान नसतं. बहावा एप्रिल-मेमध्ये सोन्यासारखा फुलतो, पण त्याच्याखाली बसायची सोय नसते. गुलमोहराचीही एप्रिलमध्ये तीच गत.

ही झाडं लावू नयेत असं मुळीच नाही. बहावा समोर दिसेल असा लावावा, पश्चिमेच्या खिडकीची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. मे महिन्याची सावली देणारी झाडं वेगळी. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो आणि लगोलग कोवळ्या पालवीने भरतो. करंज थोडे दिवस उघडा राहतो आणि एप्रिलपासून गर्द होतो. बकुळ, जांभूळ, पुत्रंजीवा बारमाही हिरवे. यांतल्या कडुनिंब, करंज आणि जांभळाला मोठं आवार लागतं किंवा रस्त्याची कड. छोट्या प्लॉटला बकुळ उत्तम. वाढतो सावकाश, पण दाट, आटोपशीर राहतो आणि फुलांचा सडा पाडतो.

नकाशावर झाड काढताना लँडस्केप आर्किटेक्ट नर्सरीतल्या रोपाचा ठिपका काढत नाही, पुरी वाढ झालेल्या झाडाच्या घेराचा गोल काढतो. संत्र्याची कलमं सहा-सहा मीटरवर लावताना शेतकरीही तेच करतो. पहिली चार-पाच वर्षं बाग विरळ वाटते, ती वाटू द्यावी. त्या काळासाठी पपई, मुंगना, हादगा अशी झपाट्याने वाढणारी, नंतर सहज काढता येणारी झाडं मधे लावावीत.

कुंपणाला कोनोकार्पस लावण्याची लाट गेल्या काही वर्षांत सगळीकडे आली. तो परदेशी आहे, भरभर वाढतो, खूप पाणी ओढतो आणि मुळांनीही त्रास देतो. परागकणांमुळे होणाऱ्या त्रासाच्या तक्रारींवरून गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याच्या जागी मेंदी, अडुळसा, कामिनी किंवा करवंद लावावं. करवंदाच्या काट्यांतून जनावर आत येत नाही आणि फळ हाताशी येतं. लिंबू आणि गोडनिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर घरच्या झाडावर लगेच फवारणी करू नये. ते लिंबावरच्या फुलपाखराचं पिल्लू असतं. शेतातल्या रोपवाटिकेत ती कीड आहे, अंगणातल्या मोठ्या झाडाचं मात्र चार पानांनी काही बिघडत नाही.

पावसाचं पाणी

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांपेक्षा थोडं मोठं, म्हणजे ९६ चौरस मीटरचं छत धरू, वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर धरू आणि वाया जाणारा पाचवा हिस्सा सोडून देऊ. तरी जवळजवळ ७०,००० लिटर पाणी एका छतावरून उतरतं. नव्या लेआउटमध्ये ते पाइपातून रस्त्यावर जातं आणि मार्चपासून टँकरची चौकशी सुरू होते.

हे पाणी तीन ठिकाणी वळवावं. पहिला हिस्सा टाकीत. पहिल्या एक-दोन सरींचं छत धुतलेलं पाणी सोडून द्यावं, मग जाळी लावून पाच-दहा हजार लिटरची टाकी भरून घ्यावी. झाकण आणि जाळी नीट हवी, नाहीतर डासांची पैदास होते. दुसरा हिस्सा जमिनीत. इथे एक खबरदारी आहे. काळ्या मातीत खणलेला शोषखड्डा काही शोषत नाही, तो नुसता डबकं होतो. खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे, मग त्यात मोठे दगड, वर खडी, वर रेती. आणि तो पायव्यापासून दहा फूट तरी लांब हवा. तिसरा हिस्सा उरलेल्या पाण्याचा, त्याला उताराने बाहेर जाण्याची वाट आखून द्यावी. शेतात चर काढणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको.

मोरीचं पाणी केळी, अळू, कर्दळीला द्यावं, कच्च्या खायच्या भाज्यांना नाही. कपड्यांच्या साबणातल्या सोडियमने काळी माती आणखी चिकट होते, तिचे कण विस्कटतात आणि निचरा बंद पडतो. म्हणून रोज एकाच जागी हे पाणी सोडू नये, दोन-तीन आळ्यांत आलटून-पालटून फिरवावं.

चाळीस बाय साठ

आता हे सगळं एका प्लॉटवर मांडून पाहू. समजा प्लॉट ४० बाय ६० फुटांचा, रस्ता पश्चिमेला, दक्षिणेला पंधरा फुटांची गल्ली. घर २८ फूट रुंद आणि ३७ फूट लांब. समोर १५ फूट, मागे ८ फूट, दक्षिणेला ९ फूट आणि उत्तरेला ३ फूट सोडलेले. दक्षिणेला गल्ली असल्यामुळे तिकडच्या शेजाऱ्याच्या भिंतीची हिवाळी सावली आपल्या अंगणात येत नाही, म्हणून मोठी पट्टी तिकडे. शेजारचं घर जवळ असतं तर हा निर्णय बदलला असता.

समोरच्या वायव्य कोपऱ्यात गाडी. सगळी जागा गट्टूंनी न भरता चाकांपुरत्या दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या, मधे खडी किंवा हरळी. पश्चिम भिंतीपासून बारा फुटांवर, झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर, बकुळ. त्याआधी वर पाहायचं. विजेच्या तारा जात असतील तर जागा सरकवायची. बकुळ मोठा होईतो खिडकीपुढे लोखंडी मांडव करून मधुमालती चढवायची. कूलर याच सावलीत बसेल. शोषखड्डाही समोरच, कारण पायव्यापासून दहा फूट अंतर फक्त इथे मिळतं.

दक्षिणेच्या पट्टीत तीन फुटांचा रस्ता, एका बाजूला भाजीचे वाफे, दुसऱ्या बाजूला गल्लीच्या कुंपणाला बुटकी मेंदी. वाफा इतकाच रुंद असावा की आत पाय न ठेवता रस्त्यावरून हात पोचेल. थंडीत म्हाताऱ्या माणसांना बसायला दगडी ओटा इथेच, आणि वाळवणही इथेच पडेल. आग्नेय कोपऱ्यात लिंबू, उंचवट्यावर, दुहेरी आळ्यात. मागे पूर्वेला स्वयंपाकघर. तिथे गोडनिंब, केळीचे दोन खुंट, अळू, धुण्याची दोरी आणि टाकी. तुळस सकाळच्या उन्हाला, जिथून घरातल्या माणसाला ती रोज दिसेल तिथे. उत्तरेच्या तीन फुटांत झाड नाही. ती पाण्याची आणि नळ-पाइपांची वाट, खाली खडी.

या आखणीत मोठं झाड एक, फळझाडं तीन-चार, वेल एक, भाजीचे वाफे आणि लॉन शून्य आहे. प्रत्येक गोष्ट कुठे आहे याला कारण आहे. कारण बदललं, रस्ता पूर्वेला असला, घरात म्हातारं माणूस नसलं, मुरूम हातभरावर लागला, की आखणीही बदलेल. एका घरची बाग दुसऱ्याने उतरवून घेऊ नये, ते यासाठी.

कामाचा क्रम

नागपूर इथून दीड-दोन तासांवर आहे आणि तिथे लँडस्केप आर्किटेक्ट मिळतात. परवडत असेल तर घराचा नकाशा काढतानाच त्यांना बोलवावं, निदान एकदा जागा दाखवावी. परवडत नसेल तर ही पद्धत मिस्त्री आणि माळी यांना घेऊन आपली आपण राबवता येते. आलेख कागदावर प्लॉट मापाने काढावा, उत्तर दिशा दाखवावी, दारं-खिडक्या, नाली, तारा, जुनी झाडं मांडावीत. मिस्त्रीच्या लेव्हल पाइपने उतार मोजून घ्यावा. उन्हाळ्यात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला सावल्यांच्या कडा त्याच कागदावर काढाव्यात, डिसेंबरात पुन्हा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन उभं राहावं आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून जातं ते बाणांनी दाखवावं.

खर्चही त्याच क्रमाने करावा. आधी उतार, नाली, टाकी आणि शोषखड्डा. मग जुलैमध्ये सावलीची झाडं, कारण त्यांना वाढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. फरशी आणि गट्टू एक पावसाळा जाऊ दिल्यावर, भराव पुरता बसला की दिवाळीनंतर. त्यानंतर वेल, कुंपण, फळझाडं. फुलझाडं आणि कुंड्या सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत. यात हप्त्याहप्त्याने दोन-तीन वर्षं गेली तरी बिघडत नाही, क्रम उलटा झाला तर मात्र आधी केलेलं काम उखडावं लागतं. ज्यांनी ही काळी जमीन ओळखून पिढ्यान् पिढ्या संत्री पिकवली, त्यांना हा क्रम अवघड नाही. घरासमोरची पंधरा फूट जागाही जमीनच आहे, एवढं धरून चाललं की पुरे.